चुकीला शिक्षा, लबाडीला पांघरूण

१७ जून २०२४ च्या सकाळी पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपायगुडीच्या पुढे रंगापाणी स्टेशनजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून येणाऱ्या मालगाडीने धडक दिली. दहा माणसे दगावली. मेलेल्यांत मालगाडीचा लोको पायलट होता, एक्स्प्रेसचा गार्डही होता. डबे उचलण्याचे काम चालू असतानाच, त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगून टाकले की, मालगाडीच्या चालकाने सिग्नल मानला नाही असे प्रथमदर्शनी दिसते. झाले. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाहिन्यांनी निकाल लावून टाकला. मेलेला माणूस खुलासा करीत नसतो. त्याच्याइतका सोयीचा आरोपी दुसरा कोण असणार?

पुढे पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला, तोही याच चालकावर आणि त्याच्या सहायकावर. ज्या जखमी प्रवासी महिलेच्या नावाने ती तक्रार दाखल झाली, तिने नंतर वार्ताहरांना सांगितले की, आपण अशी तक्रार केलीच नाही! मग ती कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, कोणाला वाचविण्यासाठी केली, हे प्रश्न तसेच राहिले.

महिन्याभरात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला आणि चित्र पालटले. त्या दिवशी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांपासून त्या टप्प्यातील स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते. अशा वेळी चालकाला लाल सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना द्यावा लागतो. जो परवाना दिला गेला तो त्या प्रसंगाला लागू पडणारा नव्हता आणि गाडी किती वेगाने न्यायची याचा त्यात उल्लेख नव्हता. बिघाड झाल्यापासून त्या टप्प्यात सात गाड्या गेल्या. नियमाप्रमाणे वेग १५ किलोमीटरच्या आत ठेवून प्रत्येक बंद सिग्नलपाशी मिनिटभर थांबणारी गाडी एकच होती, ती म्हणजे कांचनजंगा. बाकी सहा गाड्यांच्या चालकांनी त्याच कागदाचा आपापल्या परीने अर्थ लावला. आयुक्तांनी लिहिले की, चालकांना आणि स्टेशन मास्तरांना अशा परिस्थितीतील कामाचे नीट शिक्षणच दिलेले नव्हते. हा अपघात कधी ना कधी होणारच होता.

सातांपैकी एक चुकला तर ती त्या माणसाची चूक म्हणता येईल. सातांपैकी सहा चुकतात तेव्हा चूक शिकविणाऱ्याची असते. हे समजायला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

आम्ही हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगतो आहोत त्याला कारण आहे. आपल्या समाजातील हजारो मुले आयटीआय करून, डिप्लोमा करून रेल्वेत, वीज कंपन्यांत, दूरसंचारात, पाणीपुरवठ्यात, इस्पितळांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून लागली आहेत. कोणी खांबावर चढतो, कोणी सिग्नलच्या पेटीतल्या तारा जोडतो, कोणी रक्ताचे नमुने तपासतो. यांच्या हातून चूक होते तेव्हा काय होते आणि यांच्या वर बसलेल्यांच्या हातून लबाडी होते तेव्हा काय होते, हा आमच्या दृष्टीने केवळ नोकरशाहीचा प्रश्न नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. या देशात खालच्याची चूक गुन्हा ठरते आणि वरच्याचा गुन्हा चूक ठरतो, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. ते रागाने नव्हे, पुराव्यानिशी मांडू.

चूक, आडवाट आणि लबाडी

आधी शब्द नीट लावून घेऊ. तंत्रज्ञाच्या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि तिन्हींना आपण सरसकट 'हलगर्जी' म्हणून मोकळे होतो.

पहिली चूक. माणूस नियमाप्रमाणे काम करायला निघाला, पण हात घसरला, डोळा चुकला, दोन सारख्या तारांत गल्लत झाली, कागद समजला नाही. यात हेतू वाईट नसतो. अशी चूक नवशिक्याकडून होते आणि पंचवीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रीकडूनही होते.

दुसरी आडवाट. नियम माहीत असतो, पण तो पूर्ण पाळला तर काम वेळेत होत नाही. चार माणसांचे काम दोघांवर आहे, गाडी खोळंबली आहे, वरून फोनवर फोन येत आहेत. मग एक पायरी गाळली जाते. आज गाळली, काही झाले नाही. उद्या गाळली, काही झाले नाही. मग तीच रीत होऊन बसते आणि साहेबाला ती ठाऊकही असते. गाडी वेळेवर सुटली की साहेब पाठ थोपटतो आणि अपघात झाला की तोच साहेब नियमांचे पुस्तक उघडतो.

तिसरी लबाडी. तपासणी न करताच नोंदवहीत 'तपासले, ठीक आहे' असे लिहिणे. बिघाड माहीत असून दाबून ठेवणे. चाचणीचे आकडे बदलणे. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणे. पैसे घेऊन निकृष्ट माल पास करणे. यात माणूस चुकत नाही, तो फसवतो.

पहिलीला उपाय शिक्षणाचा, दुसरीला उपाय माणसे आणि वेळ पुरविण्याचा, तिसरीला उपाय शिक्षेचा. हे तीन उपाय एकमेकांच्या जागी वापरले की सारा घोटाळा होतो. चुकीला शिक्षा केली की पुढच्या वेळी माणूस चूक लपवितो. म्हणजेच शिक्षा करणारी व्यवस्था स्वतःच्या हाताने चुकीचे रूपांतर लबाडीत करते. आणि लबाडीला 'चूक' म्हणून सोडून दिले की प्रामाणिक माणसाला कळून चुकते की इथे खरे बोलणारा मूर्ख ठरतो.

फरक ओळखावा कसा? फार अवघड नाही. चौकशी करणाऱ्याने चार प्रश्न क्रमाने विचारावेत. हे घातक आहे हे त्याला माहीत होते काय? घडल्यावर त्याने सांगितले की लपविले? यात त्याचा लाभ काय होता? आणि त्याच्या जागी तेवढेच शिकलेला, तेवढेच दमलेला दुसरा कामगार असता तर त्यानेही तेच केले असते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर माणूस बदलून काही होणार नाही, व्यवस्था बदलली पाहिजे. कांचनजंगाच्या बाबतीत हे उत्तर सहा गाड्यांनी देऊन ठेवले होते. पण विचारतो कोण?

बालासोरने काय शिकविले?

त्याआधी वर्षभर, २ जून २०२३ रोजी, ओडिशात बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्ग सोडून बाजूच्या मार्गावर शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. उलटून पडलेल्या डब्यांना बंगळुरूहून येणारी गाडी धडकली. २९० हून अधिक माणसे गेली. त्यांत पोट भरण्यासाठी दक्षिणेकडे निघालेले मजूर किती होते, हे वेगळे सांगायला नको.

सिग्नल हिरवा होता आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. असे कधी होऊ नये म्हणूनच तर सिग्नल आणि सांधा एकमेकांना बांधणारी यंत्रणा असते. ती फसली कशी? चौकशीत निघाले ते असे. त्या स्टेशनच्या उत्तरेकडील सिग्नल केबिनमधील तारांच्या जोडणीत पूर्वी बदल केले होते, ते सदोष होते. तारांवर लावलेली नावे आणि प्रत्यक्ष तारा यांचा मेळ नव्हता. वर्षानुवर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही. अपघाताच्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचे यंत्र बदलण्याचे काम चालू होते, त्यात जुना दोष उफाळून आला.

आता पुढचे दोन मुद्दे वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत. पहिला असा की, १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाज येथे चुकीच्या तारजोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. त्यानंतर सगळीकडची जोडणी तपासली असती तर बहानगा घडले नसते, असे सुरक्षा आयुक्तांनी म्हटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातील होसदुर्गा रोड येथे एक गाडी अशीच चुकीच्या मार्गावर जाता जाता चालकाच्या सावधपणामुळे वाचली. तेव्हा दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता की, यंत्रणेत गंभीर दोष आहेत, ते दूर केले नाहीत तर मोठे अपघात होतील. चार महिन्यांत मोठा अपघात झाला.

दुसरा मुद्दा. बहानगा बाजारचे सांधे यापूर्वीही वारंवार विचित्र वागत होते. हे स्टेशनकडून सिग्नल खात्याला कळविले गेले असते, तर आधीचे दोष असूनही उपाय करता आला असता, असेही आयुक्तांनी नोंदविले. म्हणजे कोणी कळविले नाही. का कळविले नाही? हा आमचा प्रश्न आहे. ज्या खात्यात कळविणाऱ्यालाच पहिला खुलासा मागितला जातो, 'तुमच्याच पाळीत कसे झाले?' असे दरडावले जाते, तिथे शहाणा माणूस गप्प बसतो. ते मौन पुढे २९० मढी होऊन बोलते.

मग कारवाई झाली कोणावर? जुलै २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तिघांना अटक केली. एक सीनियर सेक्शन इंजिनिअर, एक सेक्शन इंजिनिअर, एक टेक्निशियन. तिघेही प्रत्यक्ष कामाच्या पातळीवरचे. त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचे आणि पुरावा नष्ट केल्याचे कलम लागले. मंजूर आराखड्याविना, दुसऱ्याच फाटकाच्या आराखड्यावर काम केले, असा आरोप आहे. तो खरा असेल तर ती आडवाट आहे आणि तिची किंमत भयंकर आहे. पुरावा नष्ट केला असेल तर ती लबाडी आहे. त्यांच्या दोषाचा निवाडा न्यायालयाने करायचा, आम्ही नाही. आम्ही एवढेच विचारतो की, बांकरा नयाबाजनंतर तपासणीचे आदेश न काढणारा, होसदुर्गाचे पत्र टेबलावर ठेवून घेणारा, तो कोठे आहे? धोका माहीत असून काही न करणे याला कोणत्या कोशात 'चूक' म्हणतात?

बोलणाऱ्याला संरक्षण

चुका कशा हाताळाव्यात याचा एक धडा विमानवाहतुकीने रक्त सांडून शिकला. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनजवळ एका डोंगरावर आदळले. ९२ लोक मेले. उतरण्याच्या परवानगीतील शब्दांचा अर्थ वैमानिकाने एक लावला, नियंत्रकाला दुसरा अभिप्रेत होता. नंतर कळले की, सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे एक विमान याच ठिकाणी, याच गैरसमजामुळे थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते सांगितलेही होते. पण ते कंपनीच्या भिंतीबाहेर आले नाही.

त्यातून १९७६ साली एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ, कोणीही आपल्या हातून झालेली चूक लिहून कळवायची. कळवायची ती शिक्षा करणाऱ्या खात्याला नव्हे, तर नासा या त्रयस्थ संस्थेला. नासा नाव काढून टाकते आणि शिकण्यासारखे ते सर्वांना सांगते. दहा दिवसांच्या आत स्वतःहून सांगणाऱ्याला त्या चुकीबद्दल दंड होत नाही. पण ही सवलत सरसकट नाही. मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला ती नाही, गुन्ह्याला ती नाही. चूक आणि लबाडी यांच्यातील रेघ त्यांनी नियमातच ओढून ठेवली. तिथे आजवर लाखो माणसे स्वतःच्या चुका लिहून देत आली आहेत, कारण लिहिणाऱ्याची मान कापली जाणार नाही याची हमी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ब्रिटनचे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही संगणक प्रणाली गावोगावच्या पोस्टांत बसविली. प्रणालीत दोष होते. न घेतलेले पैसे गायब दिसू लागले. दोष असणे ही चूक झाली, कोणत्याही प्रणालीत असतात. पण पोस्टाने ठासून सांगितले की, यंत्र बरोबर आहे, माणूस चोर आहे. बाहेरून खात्यांत फेरफार करता येत असताना, तसे करता येत नाही असे सांगितले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरविले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकून न केलेली चोरी भरून दिली, काहींनी जीव दिला. शेवटी २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणकाचा दोष ठाऊक असलेली माणसे वेळीच तोंड उघडती, तर हे घडलेच नसते. प्रामाणिक माणसे चोर ठरली आणि अप्रामाणिक माणसे साक्षीदार ठरली!

आणि एक तपशील. पोस्टाचे तपासनीस संशयितांची वंशानुसार वर्गवारी करीत आणि त्यासाठी कृष्णवर्णीयांना उद्देशून जुने, अपमानास्पद शब्द वापरीत, हे २०२३ मध्ये कागदांवरून उघड झाले. संशय कोणावर आधी घ्यायचा हे तपासाच्या आधीच ठरलेले असते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

'कोट्यातला' हा शिक्का

इथे आम्ही आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. खुल्या वर्गातील इंजिनिअरच्या हातून चूक झाली तर ती त्याच्या एकट्याची चूक असते. 'बिचारा, कामाचा ताण होता' असे म्हटले जाते. राखीव जागेवरील इंजिनिअरच्या हातून तीच चूक झाली तर ती त्याची राहत नाही, ती त्याच्या जातीची होते, आरक्षणाची होते, बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेची होते. रेल्वेचा अपघात झाला की 'आरक्षणामुळे असेच होणार' म्हणणारे महाभाग आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

या आरोपाची शास्त्रीय तपासणी झालेली आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८० ते २००२ या काळातील भारतीय रेल्वेची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटली, असा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या श्रेणींत हे प्रमाण वाढल्याचा काही बाबतींत चांगलाच परिणाम दिसला. हा अभ्यास २०१४ मध्ये 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. गुणवत्तेचे ढोल वाजविणाऱ्यांनी तो वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शिक्का मारण्याचा परिणाम केवळ मानहानीपुरता नाही. ज्याला ठाऊक आहे की, आपली एक चूक साऱ्या समाजाच्या माथी मारली जाईल, तो ती चूक सांगायला दसपट घाबरतो. रात्रीच्या पाळीत एकट्याने ती दुरुस्त करू पाहतो, कोणाला विचारत नाही, कारण विचारले तर 'येत नाही का?' हा प्रश्न येतो आणि त्याच्यामागे न बोललेली जात येते. म्हणजे जातीयता ही नुसती अन्यायाची नव्हे, सुरक्षिततेचीही शत्रू आहे. त्या गाडीत बसलेल्या सवर्ण प्रवाशाच्या जिवावरही ती उठते.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी अध्यक्षपदावरून सांगितले होते की, रेल्वेत आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. पोर्टरची जागाही त्याला क्वचितच मिळते, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी घरकाम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यातही तो हमालाचा हमालच राहतो. त्या गँगमनची नातवंडे आज सिग्नलच्या पेट्या उघडतात, इंजिने चालवितात. त्यांच्या हाती यंत्र आले. पण चुकण्याचा जो अधिकार इतरांना जन्माने मिळालेला असतो, तो त्यांना अजून मिळालेला नाही.

डॉक्टरला एक न्याय, लाईनमनला दुसरा

कोणी म्हणेल, ही अतिशयोक्ती आहे. मग कायदा पाहू. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, डॉक्टरच्या निर्णयातील प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. त्याच्यावर खटला भरण्यापूर्वी त्या विषयातील त्रयस्थ डॉक्टरचे मत घ्यावे, ऊठसूट अटक करू नये. निर्णय योग्यच आहे. मानगुटीवर पोलीस बसलेला असेल तर कोणता सर्जन अवघड शस्त्रक्रिया करील?

पण हेच तत्त्व खांबावर चढणाऱ्या लाईनमनला, इंजिन चालविणाऱ्या लोको पायलटला, तारा जोडणाऱ्या टेक्निशियनला का लागू नसावे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून मृत्यू घडला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पूर्वीच्या दंडविधानात सर्वांना दोन वर्षेच होती. म्हणजे इतरांची वाढविली, डॉक्टरांची तेवढीच ठेवली. डॉक्टरांची संघटना मोठी, त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत जातो. लाईनमनचा आवाज सबस्टेशनच्या फाटकापर्यंत तरी जातो काय?

शास्त्रज्ञांच्या बाबतीतही आपण किती उदार असतो पाहा. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे रॉकेट समुद्रात कोसळले. मोहिमेचे प्रमुख अब्दुल कलाम होते. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि कलामांना पुन्हा काम करू दिले. १८ जुलै १९८० रोजी रॉकेट यशस्वी झाले. ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. ती सांगणारेच साहेब आपल्या हाताखालच्या फिटरला पहिल्याच चुकीला निलंबनाची नोटीस देतात, तेव्हा धवन त्यांना आठवत नाहीत.

आपल्या लोकांनाही चार शब्द

आता जे लिहितो आहोत ते काहींना रुचणार नाही. तरीही लिहिले पाहिजे.

चुकीला संरक्षण मागणाऱ्याने लबाडीला संरक्षण देता कामा नये. तपासणी न करता नोंदवही भरणारा, ठेकेदाराकडून पाकीट घेऊन केबल पास करणारा कोणी सापडला आणि तो आपला निघाला, की लगेच 'जातीय आकसातून कारवाई' म्हणून निवेदने घेऊन धावणाऱ्या संघटना आम्ही पाहिल्या आहेत. आकस असतो, अनेकदा असतो. तो असेल तिथे लढलेच पाहिजे. पण प्रत्येक लबाडावर निळे पांघरूण घालीत गेलो, तर ज्या दिवशी खरोखर निरपराध माणूस भरडला जाईल, त्या दिवशी आपल्या निवेदनाला किंमत राहणार नाही. खोट्या नोंदीचा बळी बहुतेक वेळा आपलाच असतो. न तपासलेल्या खांबाला चिकटून मरतो तो आपल्याच वस्तीतला कंत्राटी पोरगा असतो.

तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश आपण वाचतो. सम्राट अशोकाने शिलालेखात त्याची आठवण करून दिली आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, तो कोणतेही पाप करू शकतो. आणि हातून वाईट कृत्य घडलेच, तर ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावे आणि पुढे स्वतःला आवरावे. लपविणाऱ्याबद्दल कठोरता, सांगणाऱ्याला वाट, अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या सिग्नल केबिनलाही पुरेसा आहे.

मागणी काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. त्या सहानुभूतीच्या नाहीत, नियमाच्या आहेत.

अपघाताच्या दिवशी कोणत्याही अधिकाऱ्याने वा मंत्र्याने कर्मचाऱ्याला दोषी ठरविणारे विधान करू नये. सुरक्षा आयुक्तांचा अहवाल येईपर्यंत तोंड बंद ठेवावे. अहवाल वेगळा निघाला, तर ज्याची बदनामी केली त्याच्या घरच्यांची जाहीर क्षमा मागावी.

चूक स्वतःहून कळविणाऱ्याला शिक्षेपासून संरक्षण द्यावे. कळविण्याची जागा खात्याच्या बाहेर, त्रयस्थ असावी. नाव गुप्त राहावे.

डॉक्टरांना जसे त्रयस्थ तज्ज्ञाच्या मताचे कवच आहे, तसे जोखमीचे काम करणाऱ्या प्रत्येक तांत्रिक कामगाराला मिळावे. चौकशीत चूक, आडवाट आणि लबाडी यांपैकी काय घडले हे लेखी नोंदविल्याशिवाय शिक्षेचा आदेश निघू नये.

खोटी नोंद करणाऱ्याला जरूर शिक्षा व्हावी. पण त्याच आदेशात हेही लिहावे की, तेवढे काम तेवढ्या माणसांत होणे शक्य होते काय, आणि नसेल तर खोटी नोंद करायला भाग पाडणारा कोण? त्याचे नाव आरोपपत्रात पहिले असावे.

आणि धोक्याचे पत्र ज्याच्या टेबलावर पडून राहिले, त्याची चौकशी टेक्निशियनच्या आधी व्हावी.

कांचनजंगाच्या त्या मालगाडीचा चालक परत येणार नाही. पण त्या सकाळी त्याच्या हातात दिलेला चुकीचा कागद आजही कुठल्या तरी स्टेशनात, कोणत्या तरी रात्रपाळीतल्या आपल्या माणसाच्या हातात दिला जात असेल. तो वाचून ज्याला शंका येईल त्याने 'साहेब, हे मला समजले नाही' असे निर्भयपणे म्हणावे आणि म्हणाल्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये, एवढीही व्यवस्था जे खाते करू शकत नाही, त्याने कामगाराला हलगर्जी म्हणण्याचा अधिकार गमावलेला आहे. कामगार संघटनांतील आपल्या कार्यकर्त्यांनी पगारवाढीच्या आणि बदल्यांच्या निवेदनांबरोबर हा प्रश्नही हाती घ्यावा. तो भाकरीइतकाच निकडीचा आहे.